अल्सरेटिव्ह कोलायटिसची औषधं: कुठलं किती चालतं, आणि बाजार नेमका कुठे आहे?

शुभदा_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एका औषध कंपनीत पुढे कुठली औषधं बनवायची याची चाचपणी करणं हे माझं काम. सध्या टेबलावर अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. माझ्या मामेभावालाही हाच आजार आहे, त्यामुळे ऑफिसात जे तक्ते बघते तेच घरी गोळ्यांच्या डब्यात दिसतं. म्हणून हा धागा. इथे डॉक्टर आहेत, फार्मातले जुने लोक आहेत, पेशंटही आहेत. सगळ्यांनी लिहा.

ज्यांना आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज सलग वर सरकते. रक्त पडतं, आव पडते, दिवसातून कितीतरी वेळा पळावं लागतं. कित्येक जण आधी मूळव्याध किंवा अमीबा समजून महिने घालवतात. आजार आयुष्यभराचा. मधे मधे शांत होतो, मग फ्लेअर येतो.

औषधांच्या पायऱ्या अशा. सौम्य ते मध्यम आजारात सल्फासॅलाझिन आणि मेसालामिन. फ्लेअर आटोक्यात आणायला स्टेरॉइड, पण थोड्या काळासाठीच. स्टेरॉइड सोडवायला अझाथायोप्रिन. त्यापुढे इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, गोलिमुमॅब ही टीएनएफविरोधी, म्हणजे टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं. फक्त आतड्यापुरतं काम करणारं वेडोलिझुमॅब. उस्टेकिनुमॅब आणि त्याच्या वाटेवरची मिरिकिझुमॅब, रिसान्किझुमॅब, गुसेल्कुमॅब. आणि पोटात घ्यायच्या नव्या गोळ्या, म्हणजे टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब, ओझानिमॉड, एट्रासिमॉड.

बाजाराचे जे अहवाल माझ्याकडे येतात त्यांचा सगळा भर या शेवटच्या दोन गटांवर असतो. माझं मत वेगळं होत चाललंय. आपल्याकडचा सगळ्यात मोठा न भरलेला खड्डा पहिल्याच पायरीवर आहे असं मला वाटतं. पण आधी तुमचं ऐकते.

---

जुना_कलाभवन

शुभदा, विषय चांगला काढलास. माझी नोकरी फॉर्म्युलेशनमध्ये गेली, म्हणून पहिल्या पायरीबद्दल मीच लिहितो.

सल्फासॅलाझिन स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या डॉक्टर बाईंनी १९४० च्या आसपास आणलं, तेही सांधेदुखीसाठी. कोलायटिसच्या रोग्यांना गुण येतोय हे वापरताना लक्षात आलं. एका रेणूत दोन भाग एका अॅझो बंधाने जोडलेले. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो बंध तोडतात आणि औषध नेमकं जिथे हवं तिथे सुटतं. कामाचा भाग कुठला, हे १९७७ साली ऑक्सफर्डला आझाद खान, पिरिस आणि ट्रूलव्ह यांनी दाखवलं. दोन्ही भाग वेगवेगळे एनिमातून देऊन पाहिले. गुण ५-एएसएचा, म्हणजे आजच्या मेसालामिनचा निघाला. सल्फाचा भाग फक्त वाहक, आणि डोकेदुखी, मळमळ, पुरळ असे बरेचसे त्रास त्याचेच.

मग वाहक काढून टाकला की प्रश्न सुटला? नाही, तिथून सुरू झाला. नुसतं मेसालामिन गिळलं तर लहान आतड्यातच शोषलं जातं. ते मोठ्या आतड्यापर्यंत पोचवायचं कसं, यावर सगळा धंदा उभा आहे. कोणी आम्लतेचा आकडा (पीएच) सातच्या आसपास आल्यावर विरघळणारा लेप दिला, कोणी इथिलसेल्युलोजचे दाणे करून हळूहळू सोडलं, कोणी लेपाच्या आत आणखी एक जाळं बसवून दिवसातून एकदाच घ्यायची गोळी केली. लियाल्डा ही ती गोळी, अमेरिकेत २००७ साली मंजूर झाली.

आता जेनेरिकवाल्यांची अडचण बघ. इतर गोळ्यांचं कसं, रक्तात दोन्ही गोळ्यांचं प्रमाण सारखं आलं की काम झालं. हे औषध आतड्याच्या भिंतीवर काम करतं. रक्तात किती गेलं हे मोजून भिंतीवर किती पोचलं ते कळत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या आम्लतेत गोळी कशी विरघळते ते दाखवा, रक्तातला आलेख कुठल्या तासाला चढतो ते दाखवा, अशी मालिकाच लागते. म्हणून रेणू इतका जुना असूनही अमेरिकेत लियाल्डाचं पहिलं जेनेरिक यायला २०१७ उजाडलं, आणि ते आपल्या अहमदाबादच्या झायडसचं.

लेपाचीही एक गोष्ट आहे. जुन्या असाकॉल ४०० च्या लेपात डायब्युटिल थॅलेट होतं. त्यावर आक्षेप आल्यावर २०१३ मध्ये अमेरिकेतून ती गोळी गेली. रेणू तोच, लेपापायी गोळी बाजाराबाहेर.

ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशाळा काढली, आणि गज्जर-कोटीभास्कर मंडळींनी १९०७ मध्ये अलेंबिक ही औषध कंपनी उभी केली, त्या गावातल्या मुलांना हे फॉर्म्युलेशनचं काम कमी प्रतीचं वाटू नये एवढंच म्हणणं आहे.

---

शेअर_मांजलपूर

काका, माहिती जबरदस्त. शुभदाताई, मी गुंतवणुकीच्या बाजूने विचारतो. एवढी औषधं आहेत तर सगळ्यात चांगलं कुठलं? आणि मोठ्या कंपन्या अजूनही यात इतके पैसे का ओततायत?

---

शुभदा_दांडियाबाजार

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, तो सोपा आहे.

रिसेप्टॉस ही कंपनी सेल्जीनने २०१५ मध्ये ७.२ अब्ज डॉलरला घेतली, मुख्यतः ओझानिमॉडसाठी. एट्रासिमॉडसाठी फायझरने अरीना ६.७ अब्जांना घेतली. २०२३ मध्ये मर्कने प्रोमिथियस बायोसायन्सेस साधारण १०.८ अब्जांना घेतली आणि त्याच वर्षी रोशने टेलावन्टसाठी ७.१ अब्ज मोजायचं ठरवलं. हे शेवटचे दोन्ही सौदे टीएल१ए नावाच्या एकाच लक्ष्यावरच्या औषधांसाठी. २०२४ मध्ये लिलीने मॉर्फिक ३.२ अब्जांना घेतली, कारण वेडोलिझुमॅब ज्या जागेवर काम करतं तिथेच काम करणारी गोळी त्यांच्याकडे तयार होत होती.

बाजाराचा अंदाज घ्यायचा तर ह्युमिराचा, म्हणजे अडालिमुमॅबच्या मूळ ब्रँडचा, आकडा फसवा आहे. २०२२ मध्ये त्याची विक्री २१ अब्ज डॉलरच्या वर होती, पण त्यात संधिवात, सोरायसिस सगळं आलं. शुद्ध आतड्याचा आकडा हवा असेल तर वेडोलिझुमॅब बघा. ते मुख्यतः कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्याच दुसऱ्या आजाराला चालतं. टाकेडाला २०२३ च्या आर्थिक वर्षात त्यातून ८०० अब्ज येनच्या आसपास मिळाले, म्हणजे साडेपाच अब्ज डॉलरच्या घरात. एका औषधाचे.

आणि तरीही जागा उरते, कारण कुठलंही औषध सगळ्यांना लागू पडत नाही. टोफासिटिनिबच्या ऑक्टेव्ह चाचण्या बघा (२०१७). आठ आठवड्यांनी रेमिशन, म्हणजे आजार शांत होणं, १८.५ टक्के रोग्यांत, नकली गोळीवर ८.२. दुसऱ्या चाचणीत १६.६ विरुद्ध ३.६. ज्यांना सुरुवातीला गुण आला त्यांनाच पुढे चालू ठेवलं तर वर्षाअखेर १० मिलिग्रॅमवर ४०.६ टक्के, ५ वर ३४.३, नकलीवर ११.१. ओझानिमॉडला दहा आठवड्यांनी १८.४ विरुद्ध ६. उपाडासिटिनिबला आठ आठवड्यांच्या दोन चाचण्यांत २६ विरुद्ध ५ आणि ३३ विरुद्ध ४. म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात उत्तम आकडासुद्धा तीनात एक. उरलेल्या दोघांना पुढचं औषध हवं असतं. कंपन्या पैसे ओततात ते या दोघांसाठी.

---

गॅस्ट्रो_अलकापुरी

शुभदाताई, आकडे बरोबर दिलेत. पण शेअर_मांजलपूर यांनी ते वाचून उपाडासिटिनिब पहिला, टोफासिटिनिब दुसरा अशी यादी करू नये.

हे आकडे वेगवेगळ्या चाचण्यांतले आहेत. कोणत्या चाचणीत किती रोगी आधीच इंजेक्शनं वापरून थकलेले होते, रेमिशनची व्याख्या किती कडक, दुर्बिणीतून काढलेली चित्रं कोण तपासतं, यावर आकडा वरखाली होतो. तुम्ही दिलेल्या दोन ऑक्टेव्ह चाचण्यांत औषध तेच, आराखडा तोच, तरी नकली गोळीचा आकडा ८.२ आणि ३.६ आला. दुसऱ्या कंपनीच्या चाचणीशी तुलना करताना किती जपायला हवं ते यावरून कळेल.

दोन बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेली प्रथिनांची इंजेक्शनं) समोरासमोर उभी केलेली मोठी चाचणी म्हणजे व्हर्सिटी, २०१९ ची. वेडोलिझुमॅब विरुद्ध अडालिमुमॅब. ५२ आठवड्यांनी रेमिशन ३१.३ टक्के विरुद्ध २२.५. वेडोलिझुमॅब पुढे. पण स्टेरॉइड पूर्ण सोडून रेमिशनमध्ये किती राहिले हे पाहिलं तर १२.६ विरुद्ध २१.८, म्हणजे अडालिमुमॅब पुढे. एकाच चाचणीत दोन मोजमापांची दोन उत्तरं. मी दोन्ही वापरतो. वयस्क रोगी, वारंवार जंतुसंसर्ग होणारा रोगी, यांना मला वेडोलिझुमॅब बरं वाटतं. सांधेही दुखत असतील तर टीएनएफविरोधी, कारण वेडोलिझुमॅबचा परिणाम आतड्याबाहेर फारसा होत नाही. रोगी खूप आजारी, भरती करण्याइतका, तर इन्फ्लिक्सिमॅब. २००५ च्या अॅक्ट चाचण्यांपासून त्याचा अनुभव आमच्याकडे सगळ्यात जुना आहे.

भारतात एक गोष्ट प्रत्येक वेळी तपासावी लागते: क्षय. इन्फ्लिक्सिमॅब बाजारात आल्यावर थोड्याच काळात, २००१ साली, क्षयाच्या ७० रोग्यांची नोंद प्रसिद्ध झाली होती, आणि तीही बहुतेक अशा देशांतून जिथे क्षय कमी. आपल्याकडे सुप्त क्षय सर्रास. छातीचा एक्स-रे, मॅन्टू किंवा इग्रा, शिवाय हिपॅटायटिस बी हे केल्याशिवाय मी टीएनएफविरोधी औषध सुरू करत नाही. टोफासिटिनिबलाही तोच नियम. अझाथायोप्रिन देण्याआधी शक्य असेल तर एनयूडीटी१५ जनुकाची तपासणी करून घेतो. आपल्या लोकांत पांढऱ्या पेशी एकदम घसरण्याचं कारण पुष्कळदा त्यात सापडतं.

इथे वाचून कोणी स्वतःचं औषध बदलू नका, ही विनंती.

---

वैदेही_वाघोडिया

एवढी सगळी औषधं आणि तीनात एकालाच गुण? मग आपल्या कुटजाचा, हळदीचा विचार कोणी का करत नाही? माझ्या सासूबाईंना कुटजारिष्टाने आव कायमची थांबली.

---

गॅस्ट्रो_अलकापुरी

वैदेहीताई, सासूबाईंची आव जंतूंची असू शकते, तो वेगळा आजार. कोलायटिसचं निदान दुर्बीण आणि बायॉप्सीनेच होतं.

हळदीचा विचार मात्र झालेला आहे, आणि नीट झालाय. २०१५ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. मेसालामिन चालू असूनही आजार शांत न झालेल्या ५० रोग्यांना त्याच्या जोडीला रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन किंवा नकली कॅप्सूल दिली. महिन्याने कर्क्युमिनवाल्या २६ पैकी १४ जण रेमिशनमध्ये, दुसऱ्या गटात एकही नाही. दिल्लीच्या एम्सने रोज ४५० मिलिग्रॅमवर अशीच चाचणी केली, तिथे फरक दिसला नाही. म्हणजे मात्रा महत्त्वाची असावी. दुधात हळद टाकून ३ ग्रॅम कर्क्युमिन पोटात जात नाही, कारण हळदीत ते अवघं काही टक्के असतं. कोणी विचारलं तर मेसालामिनच्या जोडीला घ्या असं मी म्हणतो. मेसालामिन बंद करून घ्या असं म्हणत नाही.

---

वैदेही_वाघोडिया

जोडीला हा मुद्दा पटला डॉक्टर. धन्यवाद.

---

निनाद_मकरपुरा

मी पेशंट. मकरपुरा जीआयडीसीत शिफ्टची नोकरी. कोलायटिस उघडकीला आला तेव्हा मला सल्फासॅलाझिन मिळालं, डोकं दुखायचं म्हणून मेसालामिनवर आलो. दोन महिन्यांत इतकं बरं वाटलं की गोळ्या आपोआप सुटत गेल्या. रात्रपाळी असली की दुपारचा डोस चुकायचा, नंतर सकाळचाही. घरात आई म्हणायची, आता काय होतंय तुला, कशाला रसायनं खातोस. वर्ष पुरं व्हायच्या आत पुन्हा रक्त, पुन्हा स्टेरॉइड, चेहरा सुजलेला.

आता दिवसातून एकदाच घ्यायची गोळी घेतो, सकाळी चहाबरोबर, आणि आठवड्यातून काही रात्री एनिमा. एनिमाला पहिल्यांदा मनाची फार तयारी करावी लागली. कोणी नीट समजावून सांगितलंच नव्हतं. चिठ्ठीवर लिहून दिलं, मेडिकलमधून आणलं, पाकिटावर बारीक इंग्रजी. डाव्या कुशीवर झोपायचं, रात्री झोपताना घ्यायचा, बाटली आधी हलवायची, एवढं जरी कोणी मराठी-गुजरातीत सांगितलं असतं तरी पहिले प्रयत्न वाया गेले नसते.

सेव उसळ अजून बंद आहे. रेमिशनमध्ये चालते असं डॉक्टर म्हणतात, पण माझं मन होत नाही.

---

मेडिकलवाले_रावपुरा

निनादभाई, अगदी खरं. आमच्या काउंटरवर रोज हेच. चिठ्ठीवर गोळी आणि एनिमा दोन्ही असतात. गोळी घेतात, एनिमा "पुढच्या वेळी" म्हणतात. सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी) विचारली तर आजूबाजूला कोणी ऐकतंय का ते बघून हळू आवाजात विचारतात. बायका तर घरच्या पुरुषाला पाठवतात आणि त्याला काही सांगता येत नाही. विकली जात नाही म्हणून आम्ही कमी ठेवतो, आम्ही ठेवत नाही म्हणून डॉक्टर लिहीत नाहीत.

इंजेक्शनचं वेगळं. अडालिमुमॅबचं पेन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. छोट्या गावातून येणारा माणूस उन्हाळ्यात बसमधून नेणार कसं, हा प्रश्न आधी सोडवायला लागतो. थर्मोकोलचा डबा आणि जेल पॅक आम्ही देतो, पण घरी वीज गेली की फोन येतातच.

---

शुभदा_दांडियाबाजार

निनाद, मेडिकलवाले काका, तुम्ही दोघांनी लिहिलंत तेच मला मांडायचं होतं. आता सविस्तर लिहिते.

गोळी आणि एनिमा एकत्र देण्याचा फायदा मोजलेला आहे. २००५ मध्ये युरोपातल्या एका चाचणीत सगळ्यांना रोज ४ ग्रॅम मेसालामिन पोटातून दिलं, अर्ध्यांना सुरुवातीला १ ग्रॅमचा एनिमाही. आठ आठवड्यांनी एनिमावाल्यांत रेमिशन ६४ टक्के, नुसत्या गोळीवर ४३. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हे आकडे बायोलॉजिकच्या आकड्यांशेजारी ठेवायचे नाहीत, कारण इथले रोगी सौम्य ते मध्यम. पण याच रोग्यांना पुढच्या पायरीवर जाण्यापासून थांबवता येतं, आणि संख्येनेही तेच जास्त असतात.

दुसरी गोष्ट नियमितपणाची. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, मेसालामिनवर शांत असलेल्या ९९ रोग्यांचा. नियमित गोळ्या घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के शांत राहिले, न घेणाऱ्यांपैकी ३९. एवढा फरक पाडणारा नवा रेणू कोणी आणला तर त्याला किती अब्ज मिळतील याचा विचार करा. इथे रेणू जुना आहे, पेटंट कधीच गेलंय, फक्त माणसाने तो रोज घ्यायला हवा.

आता खर्च. किमती ब्रँडगणिक बदलतात, म्हणून रुपये न लिहिता मात्रा लिहिते, आपापल्या दराने गुणून बघा. इन्फ्लिक्सिमॅब किलोमागे ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १०० मिलिग्रॅमच्या तीन कुप्या. आठवडा ०, २, ६ आणि मग दर आठ आठवड्यांनी, म्हणजे पहिल्या वर्षात आठ डोस, २४ कुप्या, वर सलाइन लावायला दिवसभर हॉस्पिटल. अडालिमुमॅब आधी १६०, मग ८०, मग दर दोन आठवड्यांनी ४०, म्हणजे ४० मिलिग्रॅमची साधारण ३० पेनं. वेडोलिझुमॅब वजन काहीही असो ३०० मिलिग्रॅम, आठ कुप्या. आपल्याकडे यातला बहुतेक खर्च खिशातून. म्हणून कित्येक जण पहिले तीन डोस घेतात, बरं वाटतं आणि पैसे संपतात. मधेच सोडल्यावर शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, आणि पुन्हा सुरू केल्यावर पूर्वीसारखा गुण येईलच असं नाही. ज्या बाजारात रोगी तिसऱ्या डोसला गळतो त्याला अहवालात "वाढीची प्रचंड संधी" म्हणताना मला त्रास होतो.

पंजाबात झालेली पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात लाखामागे ४४.३ रोगी सापडले. काही अहवाल हा आकडा आजच्या लोकसंख्येला गुणून सहा लाखांच्या पुढे जातात आणि सगळ्यांना बायोलॉजिकचे ग्राहक धरतात. एका प्रांतातला आकडा देशभर असा पसरवता येत नाही, आणि रोगी म्हणजे ग्राहकही नव्हे.

माझं मत म्हणून असं आहे. देशातल्या बाजारासाठी: दिवसातून एकदाच घ्यायची मेसालामिनची चांगली गोळी, आणि तिच्यासोबत वापरायला सोपा फोम किंवा एनिमा, आपल्या भाषेतल्या सूचनांसह. निर्यातीसाठी: कलाभवनवाल्या काकांनी सांगितलेली अवघड जेनेरिक्स. आणि बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिकची जवळजवळ तशीच आवृत्ती.

---

शेअर_मांजलपूर

बायोसिमिलरवर दोन ओळींत उरकलंत ताई. अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर आपल्या गुजरातच्या कंपनीने काढलं होतं ना?

---

शुभदा_दांडियाबाजार

हो, झायडसचं एक्सेम्पटिया, डिसेंबर २०१४. अमेरिकेत ह्युमिराला स्पर्धा यायला जानेवारी २०२३ उजाडलं. त्यानंतर ह्युमिराची विक्री २०२४ पर्यंत ९ अब्जांच्या आसपास उतरली. किंमत उतरली की इथला तिसऱ्या डोसला गळणारा रोगी टिकू शकतो, म्हणून बायोसिमिलर मला जवळचं वाटतं. पण जिवंत पेशींपासून प्रथिन बनवायचा कारखाना हा वेगळा पसारा आहे. तो ज्यांच्याकडे आहे त्यांनी करावा. आमच्याकडे नाही, म्हणून मी त्यावर कमी लिहिलं.

---

जुना_कलाभवन

टोफासिटिनिब कुणी विसरू नये. साधा छोटा रेणू, गोळी, फ्रीज नको, आणि आपल्याकडे आता त्याची कितीतरी जेनेरिक्स आहेत. खेड्यातल्या रोग्याला बायोलॉजिक परवडत नाही तिथे डॉक्टर हे देत असणार.

---

गॅस्ट्रो_अलकापुरी

काका, देतोच. आणि यावरचं महत्त्वाचं काम आपल्या देशात झालंय. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजची टॅकॉस चाचणी, २०२४. अतितीव्र कोलायटिसने भरती झालेले १०४ रोगी. सगळ्यांना शिरेतून स्टेरॉइड, अर्ध्यांना सोबत टोफासिटिनिब १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. सातव्या दिवशी गुण ८३ टक्के विरुद्ध ५९. अशा रोग्याचं मोठं आतडं काढावं लागू शकतं, कधी जिवावर बेततं. १९५५ मध्ये ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोन वाचवू शकतं हे दाखवलं, आणि त्यांचेच निकष आम्ही अजून वापरतो: दिवसाला सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब, सोबत ताप, ९० वरची नाडी, उतरलेलं हिमोग्लोबिन किंवा वाढलेला ईएसआर यांपैकी एक तरी. असं कुणाला होत असेल तर घरी थांबू नका, थेट एस.एस.जी. किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल.

पण टोफासिटिनिब स्वस्त आहे म्हणून सरसकट नको. संधिवाताच्या पन्नाशीपुढच्या आणि हृदयरोगाचा धोका असलेल्या रोग्यांत मोठी चाचणी झाली. त्यात हृदयविकार आणि कर्करोगाचं प्रमाण टीएनएफविरोधी औषधांपेक्षा जास्त दिसलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा कडक केला आणि टीएनएफविरोधी औषध चाललं नाही तरच द्या असं सांगितलं. रक्ताच्या गुठळीचा धोकाही आहे. टॅकॉसमध्येही एका रोग्याच्या मेंदूच्या शिरेत गुठळी झाली होती. नागीणही उठते. नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतात मिळते, जमलं तर आधी घ्यावी. तरुण, धूम्रपान न करणारा, हृदय ठणठणीत असा रोगी असेल तर मी निश्चिंतपणे देतो. गर्भधारणेचा विचार असलेल्या बाईला देत नाही.

---

निनाद_मकरपुरा

डॉक्टर, यावरून विचारतो. माझं लग्न ठरतंय. मी आधी सल्फासॅलाझिनवर होतो. त्याचा मुलं होण्यावर काही परिणाम? घरी विचारायला संकोच वाटतो.

---

गॅस्ट्रो_अलकापुरी

निनाद, विचारलंस ते उत्तम केलंस. सल्फासॅलाझिनने पुरुषांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होते, पण औषध बदललं की साधारण दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते. तू मेसालामिनवर आहेस, त्यामुळे काळजी नको. होणाऱ्या बायकोला आजाराबद्दल आधी सांग आणि दोघं मिळून एकदा तुझ्या डॉक्टरांना भेटा. आणि अभिनंदन!

---

मेडिकलवाले_रावपुरा

निनादभाई, मिठाई पाहिजे.

शुभदाबेन, तुमच्या कंपनीने मराठी-गुजराती चित्रांचं पत्रक एनिमाच्या खोक्यात घातलं तर मी काउंटरवर पहिल्या दिवसापासून ठेवीन. आणखी एक सुचवतो. सात दिवसांचं छोटं पाकीट काढा. महिन्याचं एकदम घ्यायला लोक कचरतात. सात दिवसांत गुण दिसला की पुढचं स्वतःहून मागायला येतात.

---

शुभदा_दांडियाबाजार

काका, सात दिवसांचं पाकीट हे आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. सोमवारी माझी टिपणी जाणार आहे, त्यात घालते. पत्रकाचा मसुदा मी मराठीत करते, गुजराती तुम्ही तपासाल का? निनाद, तुला जमलं तर तूही वाच. कुठे अडलं ते तुलाच सगळ्यात आधी कळेल.

डॉक्टर, शेवटचा प्रश्न. मामेभावाच्या आजाराला बरीच वर्षं झाली. आता काही त्रास नाही, म्हणून तो दुर्बीण टाळतोय. किती वर्षांनी करावीच लागते?

---

गॅस्ट्रो_अलकापुरी

आजार सुरू होऊन आठ वर्षं झाली की कर्करोगाच्या तपासणीसाठी कोलोनोस्कोपी करायचीच, त्रास असो वा नसो. पुढची कधी ते सूज किती आहे, आतडं किती दूरवर धरलंय आणि घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होता का यावर ठरतं, एक ते पाच वर्षांनी. यकृताच्या पित्तनलिकांचा पीएससी नावाचा आजार सोबत असेल तर आठ वर्षं थांबायचं नाही, निदानापासून दरवर्षी. मधल्या काळात शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी करून घेत जा म्हणावं. सूज आहे की नाही ते त्यावरून बरंच कळतं, पण कर्करोगाची तपासणी तिने होत नाही. पत्रकाचा मसुदा मलाही पाठवा, डोसाची ओळ मी तपासून देतो.